शाळा पालकांच्या हाती

डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या डाल्बी गावात 1852 मध्ये क्रिस्टन कोल्ड यांनी पालकांच्या पाठिंब्यावर शाळा सुरू केली. कोल्ड चर्मकाराचे पुत्र. मुलांनी धर्मपुस्तक घोकावं, हे त्यांना मान्य नव्हतं आणि त्यापायी सरकारी व्यवस्थेशी त्यांचं बिनसलं होतं. या शाळेत ते मुलांना गोष्टी सांगत आणि पाठांतराची सक्ती करत नसत.

1855 मध्ये कायद्यानेच पालकांना मुलांच्या शिक्षणाची सोय स्वतः करण्याची मुभा दिली. तिथल्या संविधानानुसार शिक्षण सक्तीचं आहे, सरकारी शाळा नव्हे.

आज पालकांनी चालवलेल्या अशा शाळांना सरकारी शाळेतल्या दर मुलामागच्या खर्चाच्या सुमारे तीन चतुर्थांश अनुदान मिळतं. उरलेला भार फीवर. संचालक मंडळात पालकांनी निवडलेले सदस्य असतात. डॅनिश, गणित, इंग्रजी नीट शिकवलं जातंय का, हे पाहणारा निरीक्षकही पालकच निवडू शकतात. शनिवार-रविवारी भिंती रंगवायला, बाकं दुरुस्त करायला अनेक ठिकाणी पालकच हजर! बहुतांश पैसा सरकारचा, पण कारभार पालकांचा, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक अनिवार्य केले. विनाअनुदानित शाळांना मात्र ही अट नाही. म्हणजे हजारो रुपये फी भरणाऱ्या पालकाच्या वाट्याला बऱ्याचदा येतो तो पालकसभेच्या सूचनेचा कागद. तिथेही पालकांना संचालक मंडळात मताचा अधिकार मिळायलाच हवा.