कानांनी पाहिलेले भय

वऱ्हाडात हिवाळ्याच्या रात्री ज्वारी राखण्यासाठी जागलीला गेलेला शेतकरी डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबतो. अंधारात पाने सळसळली, की ते रानडुक्कर आहे की नुसता वारा, हे कळेपर्यंत त्याचे मन नाना आकार रचते. मनाच्या याच शक्तीवर रेडिओवरील भयप्रधान श्रुतिका उभी असते.

ही शक्ती नाटककारांनी लवकरच ओळखली. १९२४ साली लंडनहून रिचर्ड ह्यूज यांची ‘डेंजर’ ही श्रुतिका प्रसारित झाली. कोळशाच्या खाणीतील दिवे जातात आणि पात्रे काळोखात सापडतात, असा तिचा प्रसंग. पात्रांना दिसत नव्हते तेवढेच श्रोत्यांनाही दिसत नव्हते. म्हणून श्रोताही जणू खाणीत उतरला. आपल्याकडे १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि अमरावती-अकोल्याकडील घरांतही रेडिओभोवती नाटक ऐकणारी मंडळी जमू लागली.

भयनाट्यांमुळे अंधश्रद्धा वाढेल, असा आक्षेप कोणी घेईल. गाडगे महाराज अमरावती जिल्ह्यातले. कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांनी अंधश्रद्धेवर प्रहार केले. त्यांच्या मुलखात हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु अंधश्रद्धा भयातून वाढते ती भयाचे कारण न शोधल्यामुळे. श्रुतिकेतील घोड्यांच्या टापा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या, आणि मेघगर्जना म्हणजे हलविलेला पत्रा, हे ज्याला ठाऊक आहे, तो रात्रीच्या आवाजालाही ‘हा कशाचा?’ असे विचारतो.

१९३८ साली अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरील स्वारीची श्रुतिका बातम्यांच्या रूपाने सादर केली. ज्यांनी आरंभीची घोषणा ऐकली नव्हती, त्यांतील काहींना ती खरीच वाटली. पुढे वृत्तपत्रांनी या घबराटीचे वर्णन फुगवून केले. अर्धवट ऐकणे आणि ऐकलेले वाढवून सांगणे, हे दोन्ही दोष यातून दिसतात.

आज पडद्यावर भुताचे दातसुद्धा दाखविले जातात. कल्पनेला काही काम उरत नाही. म्हणून शाळांनी वर्षातून एकदा तरी पडद्याआडून श्रुतिका सादर करावी. करवंट्या, पत्रा आणि विद्यार्थ्यांचे आवाज एवढे साहित्य पुरे. ऐकताना मुलांनी खुशाल भ्यावे. मग पडदा सारून तो आवाज कोठून आला, हे त्यांनी स्वतः पाहावे.