पाडकामाचा साक्षीदार

ॲडलर आणि सलिव्हन यांनी उभारलेले शिकागोचे गॅरिक थिएटर १९६१ मध्ये पाडले गेले. ते वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरलेले छायाचित्रकार रिचर्ड निकेल लढा हरल्यावरही तिथून हलले नाहीत. भिंती उघड्या पडत गेल्या तशी त्यांनी छायाचित्रे घेतली, नक्षीचे तुकडे सोडवून जपले. इमारत कशी बांधली होती, हे ती उलगडताना दिसते तेवढे एरवी दिसत नाही. म्हणूनच ही छायाचित्रे अमूल्य आहेत. १९७२ मध्ये शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या पाडकामात असेच अवशेष वाचवताना निकेल ढिगाऱ्याखाली गेले. हे काम एकट्यादुकट्याच्या जिवावर सोडणे अक्षम्य आहे. ऐतिहासिक वास्तू पाडण्याची परवानगी देताना सविस्तर छायाचित्रणाची अट घातलीच पाहिजे, आणि खर्च पाडणाऱ्याने सोसावा.