चौकातले चेहरे आणि खालची माणसे

१७ एप्रिल २०२३, सोमवारची संध्याकाळ. पिंपरी-चिंचवडच्या रावेत-किवळे भागात वळवाचा पाऊस आला, सोसाट्याचा वारा सुटला आणि महामार्गाच्या सेवा रस्त्यावरची माणसे जवळच्या पंक्चरच्या दुकानाच्या आडोशाला गेली. डोक्यावर जाहिरातीचे भलेमोठे लोखंडी होर्डिंग उभे होते. ते वाऱ्याने कोसळले. त्याखाली सापडून पाच माणसे मेली, चार बाया आणि एक पुरुष. आणखी काही जण जखमी झाले.

होर्डिंग अनधिकृत असल्याचे पालिकेने सांगितले आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी कायदा मोडला, त्याची शिक्षा त्याला होईल, आपला काय संबंध? माझा आक्षेप नेमका इथे आहे. दोन-तीन मजल्यांच्या उंचीचा सांगाडा कुणाच्या नकळत उभा राहत नाही. त्यासाठी जागामालकाशी भाड्याचा व्यवहार होतो. खड्डा खणला जातो, काँक्रीट ओतले जाते, वेल्डर कित्येक दिवस अँगल जोडत बसतो, क्रेन येते, रात्रीच्या दिव्यांसाठी वीज घेतली जाते. मग कुणी बांधकाम व्यावसायिक, कुणी सराफ, कुणी शिकवणी वर्ग महिन्याचे भाडे मोजून त्यावर आपले नाव लावतो. रोज हजारो लोक ती अक्षरे वाचत जातात. जागामालक, जाहिरात कंपनी, जाहिरातदार, पालिकेचा कर्मचारी, आणि त्या रस्त्याने रोज जाणारे तुम्ही-आम्ही. एवढ्यांपैकी कुणालाही परवाना विचारावासा वाटला नाही. पाच माणसांचा जीव घेणाऱ्या या गुन्ह्याला साक्षीदार हजारोंनी होते आणि ते सगळे गप्प होते.

नियमच नाहीत, अशी पळवाट आपल्याला नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली कलम २४४ आणि २४५ ही आकाशचिन्हे आणि जाहिराती यांच्यासाठीच आहेत. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय असा फलक उभारता येत नाही. राज्य सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी नवी नियमावली काढली. पिंपरी-चिंचवड महापालिकेत आकाशचिन्ह व परवाना नावाचा स्वतंत्र विभाग आहे. कायमच्या फलकाला जागेचे कागद लागतात, मापाची मर्यादा असते, संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र लागते आणि परवान्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. तात्पुरत्या फ्लेक्सला ठिकाण, मुदत आणि शुल्क ठरवून परवानगी घ्यायची असते आणि मुदत संपली की तो उतरवायचा असतो. विनापरवाना फलक लावून सार्वजनिक जागा विद्रूप करणाऱ्याला १९९५ च्या कायद्याने तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोठ्या फ्लेक्सच्या छपाईलाच याहून जास्त पैसे पडतात. कैद मात्र खरी आहे. ती भोगून आलेला एखादा तरी ‘शुभेच्छुक’ तुमच्या ओळखीत आहे का?

स्थैर्य प्रमाणपत्राचा कागद कशासाठी मागतात, ते एकदा नीट समजून घेऊ. वाऱ्यापासून बांधकाम सांभाळण्यासाठी भारतीय मानकांची संहिता आहे. त्यात पुण्याच्या परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी साधारण १४० किलोमीटर. त्या वेगाचा वारा एका चौरस मीटरवर नव्वद किलोहून थोडा जास्त दाब टाकतो. फलक ४० बाय ४० फुटांचा असेल तर एकूण दाब तेरा-चौदा टन होतो. हा दाब आडवा असतो आणि उंचावर लागतो, त्यामुळे पायाशी उलथवणारा जोर आणखी वाढतो. अखंड फ्लेक्स ताणून बांधलेला फलक शिडासारखा वारा अडवून धरतो. पाया उथळ असला, बोल्ट गंजले असले, वेल्डिंग उरकलेले असले, की चैत्र-वैशाखातल्या पहिल्या वावटळीला तो जमिनीवर येतो. हे गणित अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला येते, आणि या पट्ट्यात अभियंत्यांची वाण नाही. चाकणच्या कारखान्यांत मोटारीचा एक बोल्ट किती ताणाने आवळायचा याची नोंद ठेवली जाते. तेच अभियंते घरी येताना ज्या लोखंडाखालून जातात, त्याच्या बोल्टची नोंद कुणाकडे आहे हे विचारत नाहीत.

रावेत १९९७ मध्ये महापालिकेत आले. पवनेच्या काठचे हे शेतीचे गाव. इथल्या बंधाऱ्यातून पालिका पाणी उचलते आणि ते शहराला पुरवते. औंध-रावेत रस्ता रुंद झाला, बीआरटी आली, महामार्गाची जवळीक सोन्याच्या भावाची ठरली, उंच इमारती उभ्या राहिल्या. रस्त्यात जमीन गेल्यावर जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यात घर होत नाही, पीकही होत नाही. होर्डिंगचे भाडे मात्र येते. ज्याची काळी आई गेली त्याला त्या भाड्याचा आधार वाटला तर मी त्याला दोष देणार नाही. पण भाडे घेणाऱ्याने पाया किती खोल गेला हे बघितलेच पाहिजे. आपल्या जमिनीवर उभे राहिलेले लोखंड कुणाच्या अंगावर पडले तर ते आपलेही पाप आहे, हे गावाला कळत नाही असे मला वाटत नाही. कळते, आणि तरी हात भाड्याकडे जातो.

किवळ्यानंतर शहाणपण यायला हवे होते. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडले आणि १७ माणसे मेली. मुंबई पालिकेची मापाची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट. हे होते १२० बाय १२० फूट. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून पालिकेचा नियम लागू नाही, अशी बाजू मांडली गेली. वारा जमिनीचा सातबारा पाहून वाहत नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी, १६ मे रोजी, आपल्याच मोशीत होर्डिंग कोसळले आणि खाली उभ्या गाड्या चेपल्या. जीव गेला नाही हा निव्वळ योगायोग. त्याही आधी, ५ ऑक्टोबर २०१८ ला, पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात रेल्वेच्या जागेतले होर्डिंग काढताना सांगाडा खालून कापला गेला, तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला आणि चार जण गेले. दर वेळी तेच होते. चौकशी लागते, गुन्हे नोंदले जातात, आठ-पंधरा दिवस कटर आणि क्रेन फिरतात, वृत्तपत्रांत पाडकामाची छायाचित्रे येतात. नोटीस मिळालेला मालक न्यायालयात जाऊन स्थगिती आणतो. पुढचा पाऊस येईपर्यंत सगळे शांत.

लोखंडाचे होर्डिंग धंद्याच्या लोभाने उभे राहते. फ्लेक्सचे पाप त्याहून खोल आहे, कारण तिथे आपण सगळे हौसेने सामील आहोत. नेत्याचा वाढदिवस, कार्यकर्त्याची कुठल्या समितीवर निवड, दहावीचा निकाल, नव्या गाडीची खरेदी, दशक्रिया विधी, कशालाही फ्लेक्स लागतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेलेल्या माणसाइतकीच जागा जिवंत शोकाकुलांच्या चेहऱ्यांना हवी असते. देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि आकुर्डीच्या मुक्कामाला येते. ज्या संताने मानाचा, दंभाचा आयुष्यभर धिक्कार केला, त्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना स्वागतोत्सुकांच्या चेहऱ्यांची रांग लागते आणि उन्हातून चालणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याला पाण्याच्या टँकरवरही आधी कुणाचे तरी हसरे तोंड दिसते. देवाच्या दारी तरी स्वतःचा चेहरा खाली ठेवावा, एवढीही लाज आपण उरू दिली नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपळे सौदागर परिसरात एका तरुणाने प्रेयसीची माफी मागायला रातोरात सुमारे ३०० फ्लेक्स लावले. देशभर त्याची बातमी झाली, लोक हसले, पालिका आणि पोलीस तत्परतेने कामाला लागले, फ्लेक्स लावणाऱ्याचा शोधही लागला. मुलाने केले ते चूकच. पण एका रात्रीत विनापरवाना फलक लावणाऱ्याला शोधून काढण्याची ताकद यंत्रणेत आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ज्या फ्लेक्सवर लावणाऱ्याचे नाव, पद, फोटो आणि मोबाइल क्रमांक स्वतःहून छापलेला असतो, त्याचा ‘अज्ञात इसम’ मग कसा होतो? फ्लेक्स काढायला निघालेल्या पालिका कर्मचाऱ्याला कुणाचा फोन येतो, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

उच्च न्यायालयाने सांगून पाहिले. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या सगळ्या पालिकांना बेकायदा फलक काढण्याचे आणि गुन्हे नोंदवण्याचे सविस्तर आदेश दिले. राजकीय पक्षांनी, आमचे कार्यकर्ते असे फलक लावणार नाहीत, अशी हमी न्यायालयाला दिली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्याच न्यायालयाला त्याच हमीच्या भंगाबद्दल पक्षांना अवमानाच्या नोटिसा काढाव्या लागल्या. न्यायासनासमोर दिलेला शब्द चौकाचौकांत उघड मोडला जातो आणि शब्द मोडणाऱ्यांना आपण पुन्हा निवडून देतो. दोष एकट्या पक्षांचा नाही. उमेदवाराची योग्यता त्याच्या फ्लेक्सच्या संख्येवरून मोजणारे मतदार आपणच आहोत. चाकणला कंत्राटावर राबणारा पोरगा भाऊंच्या वाढदिवसाला वर्गणी काढून फ्लेक्स लावतो, कारण कोपऱ्यात का होईना, त्याचा फोटो येतो. कारखान्यात त्याला नावाने कुणी ओळखत नाही, कायम होण्याची आशा नाही. चौकात वर्षातून एकदा दिसणे हीच त्याची प्रतिष्ठा. त्याची ती भूक भाऊंना पुरती ठाऊक आहे. नोकरी, कौशल्य, वाचनालय, मैदान देण्यापेक्षा फ्लेक्सवर कोपऱ्यातली जागा देणे त्यांना परवडते.

आणि नव्या सोसायट्यांतले सुशिक्षित? रावेतच्या उंच इमारतींत राहणारी मंडळी शहराच्या विद्रूपतेबद्दल व्हॉट्सॲपवर तळमळून लिहितात. गणपतीत प्रवेशद्वाराची कमान कुणा इच्छुकाने दिली की तीच मंडळी आभार मानतात. गच्चीवर जाहिरातीचा सांगाडा उभारू दिला की देखभाल खर्चात सूट मिळते म्हणून ठराव एकमताने होतो. सदनिका घेताना होर्डिंगवरची तळी आणि हिरवळ बघून चौकशी करतात. ते होर्डिंग कायदेशीर आहे का, हे बिल्डरला कधी विचारत नाहीत. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून या राज्यात आंदोलने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ती मागणी रास्तच होती, मी तिच्या बाजूचा आहे. पण पाटीवरच्या अक्षरासाठी जेवढे लोक रस्त्यावर आले, त्याचा दहावा हिस्सा तरी पाटीच्या पायासाठी यायला हवा होता. किवळ्याच्या पाच माणसांसाठी कोण आले?

फ्लेक्सचे पुढे काय होते तेही बघा. रावेत, पुनावळे भागात बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर जुने फ्लेक्स ताडपत्री म्हणून अंथरलेले दिसतात. ज्या इमारतीची जाहिरात त्यावर छापली आहे, ती बांधणारी बाई त्याच फ्लेक्सखाली चूल पेटवते. हिवाळ्यात उरलेले तुकडे शेकोटीत जातात. पीव्हीसीचा तो धूर विषारी असतो आणि तो तिच्या लेकरांच्या छातीत जातो. शहराचा डामडौल वर, त्याचा भार आणि त्याचे विष खाली, ही वाटणी आपण मान्य केलेली आहे. वळवात आडोसा शोधत उघड्यावर कोण सापडते? गाडीची काच वर करून पुढे जाणारा नव्हे. पायी जाणारा, दुचाकीवाला, बसची वाट बघणारी बाई.

आपल्याहून कितीतरी मोठ्या शहराने हे बदलून दाखवले आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलोने २००६ मध्ये ‘स्वच्छ शहर’ कायदा केला आणि २००७ पासून रस्त्यांवरचे जाहिरात फलक सरसकट बंद केले. हजारो होर्डिंगे उतरली. जाहिरात व्यवसायाने धंदा बुडेल, रोजगार जातील असा आकांत केला, दावे लावले. शहर बुडाले नाही. फलक उतरल्यावर त्यांच्यामागे लपलेल्या झोपडपट्ट्या आणि कामगारांची खुराडी लोकांना दिसू लागली.

रावेतच्या लोकांकडे माझे मागणे याहून फार लहान आहे. प्रत्येक होर्डिंगच्या पायाशी, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, परवाना क्रमांक, मुदत, मालकाचे नाव आणि स्थैर्य प्रमाणपत्राची तारीख पालिकेने मराठीत लावावी. फलकांवर क्यूआर कोड लावायला हरकत नाही, पण खाली पंक्चर काढणाऱ्या माणसाला ते साध्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजे. ज्यावर ही पाटी नाही, त्यावर जाहिरात लावणाऱ्या कंपनीवरही गुन्हा नोंदवावा. सोसायट्यांनी यंदाच्या वार्षिक सभेत ठराव करावा की आवारात, कमानीवर, गच्चीवर कुठल्याही इच्छुकाचा किंवा आजी-माजी नेत्याचा चेहरा लागणार नाही. छपाईवाल्यांनी परवानगी क्रमांकाशिवाय फ्लेक्स छापू नये. ज्यांच्या घरी या वर्षी निकाल आहे, बारसे आहे, दशक्रिया आहे, त्यांनी फोटो देऊ नये. नगरसेवक मत मागायला दारात आला की त्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की मागच्या वाढदिवसाच्या तुमच्या फ्लेक्सचे परवाने कुठे आहेत? ते दाखवल्याशिवाय त्याचे बाकीचे ऐकून घेऊ नये.