हिंगोलीची मोजपट्टी

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या लहरीने चार किलोमीटर लांबीच्या बाहूंमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. तो लेसर किरणांनी मोजला गेला आणि लहरीच्या आकारावरून त्या घटनेचे अंतरही कळले. अतिसूक्ष्म मोजता आले, म्हणूनच अतिदूरचे मोजता आले.

लहर आकाशात नेमकी कुठून आली, हे मात्र दोन वेधशाळांना नीट सांगता येत नाही. त्यासाठी दूरवर आणखी वेधशाळा हव्यात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची ‘लायगो-इंडिया’ त्यासाठीच आहे. तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळायला एप्रिल २०२३ उजाडले. आता आणखी विलंब परवडणारा नाही. अवजड वाहतुकीचे हादरेही या यंत्राला चालत नाहीत, त्यामुळे परिसराची शांतता आतापासूनच जपायला हवी. आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांनी यंत्र येण्याची वाट न पाहता ते हाताळणारे विद्यार्थी घडवायला घ्यावेत. नाहीतर मोजपट्टी आपल्या अंगणात असेल आणि मोजणारे हात बाहेरचे.