मनावर कुणी मनावर घेईल का?

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. 309 किलोमीटरची लाइन, 18,036 कोटी रुपये खर्च, 30 नवी स्थानके. आपल्या भागात तेव्हापासून बोलणं चालतं ते भूसंपादनाचं आणि मालगाड्यांचं. पण ही लाइन नाशिक, धुळे सोडून बडवानी, खरगोन करत धार जिल्ह्यातही शिरणार आहे. तिथला प्रश्न वेगळा आहे. गाडीतून माणसं उतरली तर त्यांना दाखवायचं काय, आणि त्यातला पैसा कुणाच्या हातात पडणार?

आजवर याचं उत्तर एकच असायचं: मांडू. मध्य प्रदेश पर्यटन विभाग तिथे महोत्सव भरवतो. हॉट एअर बलून, सायकल फेऱ्या, गाणं-बजावणं, राहायला तंबू. महोत्सव वाईट नाही. जहाज महालाच्या अंगणात गाणं ऐकायला कुणाला नको आहे? पण काही दिवसांत तंबू गुंडाळले जातात, आणि घाट उतरून खाली निमाडात, मनावरपर्यंत, त्यातलं फारसं काही झिरपत नाही. मनावर म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, नाहीतर जवळचा सिमेंट कारखाना.

खरं तर या गावाच्या आजूबाजूला दाखवण्यासारखं भरपूर आहे. पलीकडे बाघ. तिथल्या बौद्ध लेण्यांमधली चित्रं अजिंठ्याच्या तोलाची मानली जातात. 1921 मध्ये नंदलाल बोस आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. मूळ चित्रं 1982 पासून भिंतींवरून सोडवून घेण्यात आली, ती बघायची तर ग्वाल्हेर गाठा. म्हणजे लेणी इथे, रंग तिथे.

बाघची छपाई मात्र जिवंत आहे. हिरड्यात भिजवलेलं कापड, तुरटीने उठणारा लाल, गंजलेल्या लोखंडापासूनचा काळा, चिंचोक्याची खळ, मग वाहत्या पाण्यात धुलाई आणि तांब्याच्या कढईत धावडीच्या फुलांबरोबर उकळणं. ही कला करणारे खत्री कारागीर मूळ सिंधचे. मारवाडातून मनावरला आले आणि 1962 च्या सुमारास बाघला स्थिरावले, असं सांगितलं जातं. याच छपाईला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे बाघच्या आधीचा मुक्काम मनावर. हे सांगणारी एक पाटी लावायला किती खर्च येतो?

त्याच परिसरात डायनासोरची अंडी आहेत. जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नर्मदा खोऱ्याच्या या पट्ट्यातल्या 92 घरट्यांची आणि 256 अंड्यांची नोंद आहे. पाडल्या गावात लोक असेच गोल दगड शेताचा राखणदार 'काकर भैरव' म्हणून पुजत होते, ही बातमी त्याच वर्षी देशभर गाजली. गाजली आणि विरली.

पण मनावरचा सर्वांत भरवशाचा पाहुणा बलूनमधून येत नाही, चालत येतो. नर्मदा परिक्रमेत मराठी माणसांचा भरणा किती असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. उत्तर तटावरून येताना सेमल्दा, एकलबारा ही मनावर तहसीलातली गावं लागतात. पुढे कुणी रेवाकुंडासाठी मांडूही चढतात. 15 सप्टेंबर 2019 ला सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे 138.68 मीटरपर्यंत भरलं. निसरपूर, चिखल्दा बुडाली, काठावरचे घाट आणि जुन्या पायवाटा गेल्या. आज या टापूत परिक्रमावासीला बऱ्याच ठिकाणी काठ सोडून डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या बाजूने चालावं लागतं. आणि त्याला चहा-भाकरी देणाऱ्यांत असेही आहेत ज्यांचं स्वतःचं घर पाण्याखाली गेलंय. पर्यटनाच्या गप्पा मारणाऱ्याने आधी या माणसाकडे बघावं.

तुलना महेश्वरशी होतेच. तिथे किल्ला, घाट आणि हातमाग एका पायी फेरीत येतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटी उभी राहिली आणि विणकराच्या हाताला काम राहिलं. पाहुणा माग बघतो, साडी घेतो, पैसा गावात राहतो. मनावरकडे तशी एकसंध फेरी नाही, अंतरं मोठी आहेत, हे मान्य. त्यात प्रत्येक गोष्टीचा मालक वेगळा. लेणी पुरातत्त्व खात्याची, जीवाश्म वनखात्याचे, महोत्सव पर्यटन विभागाचा, बुडीत काठ धरणवाल्यांचा. जोडणारा दुवा गावातूनच निघायला हवा, आणि तो नगरपालिका व स्थानिक व्यापारीच होऊ शकतात.

त्यासाठी कोटींची घोषणा नको. बाघला जाणारी बस किती वाजता सुटते हे स्टँडवर वाचता यावं. ठप्पा कसा मारतात ते बघता येईल अशी एक शेड असावी, कारागिराला भाड्यात न बुडवणारी. नव्या काठाने पायवाट आखून तिथे सावली, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह द्यावं. धारचंही तेच. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे शिल्पकार र. कृ. फडके धारला स्थायिक झाले होते, पण धारचं नाव बातमीत येतं ते भोजशाळेच्या वादापुरतं.

रेल्वेचं उद्दिष्ट 2028-29 चं आहे. परिक्रमा मात्र दरवर्षी चातुर्मास संपला की सुरू होते, आणि सेमल्द्याच्या रस्त्याने पहिले मराठी पाय त्यानंतर काही आठवड्यांतच दिसू लागतात.