कार्ड आपल्या हाती, किल्ली कोणाच्या?

सहकारी बँका, पतसंस्था, रुग्णालये येथील संगणकांना केवळ परवलीच्या शब्दाचे कुलूप पुरत नाही, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तो शब्द चोरता येतो; किंबहुना आपल्याकडे तो चोरावाही लागत नाही, पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलाच असतो! म्हणून त्याच्या जोडीला दुसरी खूण म्हणून स्पर्शाविना वाचले जाणारे आरएफआयडी कार्ड कर्मचाऱ्यांना दिले जाते. कल्पना स्तुत्य आहे. मात्र ती राबवताना तिचा प्राणच हरवतो.

अशा कार्डात बारीकशी चिप आणि तारेचे वेटोळे असते. वाचकयंत्राजवळ नेताच त्याच्या लहरींतून चिपला वीज मिळते व ती आपला अनुक्रमांक सांगते. अनेक स्वस्त यंत्रणा एवढ्यावरच संतुष्ट होतात. परंतु हा अनुक्रमांक गुपित नाही. जवळ आलेल्या कोणत्याही वाचकयंत्राला कार्ड तो बिनदिक्कत सांगते. गर्दीच्या लोकलमध्ये खेटून उभ्या असलेल्या माणसालाही तो टिपता येईल, आणि हवा तो अनुक्रमांक भरता येणारी कोरी कार्डे बाजारात मिळतात.

मग चिपमध्ये गुप्त किल्ली असली म्हणजे झाले काय? नेदरलँड्सचा अनुभव पाहावा. तेथील एनएक्सपी कंपनीचे ‘मायफेअर क्लासिक’ कार्ड जगभर पसरले होते. त्याची कूटपद्धती कंपनीने झाकून ठेवली होती आणि किल्ली होती अवघी ४८ बिटांची. २००७च्या डिसेंबरात संशोधकांनी ती पद्धती चिपवरूनच उलगडत आणल्याचे जाहीर केले. २००८मध्ये नायमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठातील अभ्यासकांनी तिचे दोष सिद्ध केले. कंपनीने प्रकाशन रोखण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने नकार दिला. रचना उघड झाली तरी कुलूप टिकले पाहिजे, हे कर्कहॉफ्स यांनी १८८३मध्येच सांगून ठेवले होते.

या बाबतीत आपल्या देशातील एक काम अभिमानाने सांगावे असे आहे. वाहन परवान्याच्या कार्डांसाठी आयआयटी कानपूर आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी ‘स्कोस्टा’ हे मानक घडवले. ते खुले ठेवल्याने कोणा एका परदेशी कंपनीच्या दारात उभे राहण्याची पाळी आली नाही. (ती कार्डे यंत्रात घालावी लागणारी होती, हे खरे.) स्वदेशीचा हा अर्थ संचालक मंडळांनी खरेदीच्या वेळी ध्यानी घ्यावा.

विक्रेत्याला त्यांनी विचारावे: कार्ड केवळ क्रमांक सांगते, की दर वेळी नव्या आव्हानाला एईएससारख्या खुल्या, पारखलेल्या पद्धतीने उत्तर देते? कारखान्यातून आलेली किल्ली बदलली का, आणि नवी कोणाकडे आहे? हरवलेले कार्ड त्याच दिवशी रद्द होते का? उत्तर लेखी घ्यावे. आणि जेवणाच्या सुट्टीत कार्ड वाचकयंत्रावरच ठेवून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला शाखाधिकाऱ्याने तेथल्या तेथे हटकावे.