वैशाखातील फुलबाग

खानदेशच्या उन्हाळ्याची ख्याती महाराष्ट्रभर आहे, आणि ती काही कौतुकाची नव्हे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला, धुळ्यात पांझरेचे पात्र कोरडे पडू लागले, की दुपारी रस्त्यांवर चिटपाखरूही दिसेनासे होते. अशा ऋतूविषयी लिहिताना पाणीटंचाई आणि उष्माघात हेच विषय सुचावेत, हे स्वाभाविक आहे. त्यांचे महत्त्व कोणी कमी लेखू नये. परंतु याच दिवसांत, याच गावांच्या अंगणांत आणखी एक घटना घडत असते आणि तिची दखल कोणी घेत नाही. मोगरा फुलतो. नेमका ज्या उन्हाने माणसे घरात दडतात, त्या उन्हावरच तो फुलतो.

ही काव्यातली अतिशयोक्ती नव्हे. तो मोगऱ्याचा स्वभावच आहे. जाणता माळी थंडीत त्याचे पाणी तोडतो, फांद्या छाटतो, आणि मग खत-पाणी देऊन नवी पालवी फुटू देतो. या नव्या फुटीवरच कळ्या येतात. त्यांना भरपूर ऊन लागते. सावलीत लाडाने वाढविलेला मोगरा पानांनी डवरतो, पण फुलत नाही. बहाव्याचे तेच. एप्रिल-मे महिन्यांत पाने झडून गेलेल्या फांद्यांवरून त्याचे पिवळेधमक घोस लोंबू लागतात. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करहून आलेली, बोगनवेल आणि गुलबक्षी अमेरिका खंडातून आलेली. पण खानदेशच्या उन्हाशी या परकीयांचे असे काही जुळले, की आज त्यांना पाहुणे म्हणणेही विचित्र वाटेल.

या बागेला तिचे स्वतःचे वेळापत्रकही असते. सकाळी ऊन चढू लागताच चिनीगुलाब उमलतो. कचेरीच्या वेळेशी त्याचे जमते, म्हणून पुष्कळ घरांत त्याला ‘ऑफिस टाइम’ असेच म्हणतात. चार-पाचच्या सुमारास गुलबक्षी जागी होते, दिवेलागणीला मोगरा उमलतो आणि रात्र चढू लागली की रातराणी. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५१ साली फुलांच्या उमलण्या-मिटण्यावरून वेळ सांगणाऱ्या घड्याळाची कल्पना मांडली होती. खानदेशातल्या कित्येक आज्यांनी लिनिअसचे नावही न ऐकता हे घड्याळ वापरले असेल.

या साध्या सुखाचा निर्मितीशी काय संबंध, असे कोणी विचारील. उत्तर शोधण्यासाठी जळगाव जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली धरणगावचा. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, तेव्हा या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या कविता ऐकून अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले. हे अध्यक्ष म्हणजे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते केवळ काव्यरसिक नव्हते. ते वनस्पतींचे गाढे अभ्यासक होते. मेजर बामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. तो प्रसिद्ध झाला १९१८ साली, कीर्तिकरांच्या निधनानंतरच्या वर्षी. त्याच १९१८ साली, ५ मे रोजी, ऐन वैशाखवणव्याच्या दिवसांत, जळगावजवळच्या भादली येथे रेल्वेगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यांच्या वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

पानाच्या शिरा आणि फुलाचे केसर मोजण्यात ज्याची हयात गेली, त्याने ‘फुलराणी’च्या भावी कवीला ओळखावे, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. शास्त्रज्ञ आणि कवी यांची कामे वेगळी असली तरी दोघांचा आरंभ एकाच ठिकाणी होतो. समोरच्या वस्तूकडे नीट, पुन्हा पुन्हा आणि निर्हेतुक पाहण्यापाशी. आणि येथे खानदेशच्या उन्हाळ्याचे माप त्याच्या पदरात घातले पाहिजे. सर्वत्र हिरवाई असलेल्या प्रदेशात नजर एकावर ठरत नाही. उजाड माळावर मात्र एकच फुललेला बहावा दिवसभर मनात राहतो. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चा प्रारंभ ग्रीष्मापासून केला, ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत नटीच्या तोंडी ग्रीष्माचेच गीत घातले आणि त्यात शिरीषाच्या कोमल फुलांना स्थान दिले, हेही या संदर्भात आठवण्यासारखे आहे.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण तर अधिकच बोलके. आसोद्याला जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीला अक्षरओळख नव्हती. जाते ओढताना, शेतात राबताना जे दिसले ते तिने आपल्या घरच्या बोलीत ओवीबद्ध केले. १९५१ साली तिचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी तिच्या कविता ग्रंथरूपाने आल्या, तेव्हा शिकलेला महाराष्ट्र थक्क झाला. ज्या विद्यापीठाच्या पदव्या आज खानदेशातले तरुण घेतात, त्याला २०१८ पासून तिचेच नाव आहे. पदवीने पाहण्याची शक्ती येतेच असे नाही, ही गोष्ट त्या नावानेच प्रत्येक पदवीधराला सांगावी, यात एक मार्मिक औचित्य आहे.

आता आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो क्षुल्लक नाही. ज्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे फुलझाडांना पाणी घालणे ही चैन नव्हे काय? हिरवळीचे गालिचे राखण्यासाठी पिण्याचे पाणी सोडणे ही चैनच आहे, आणि ती निंद्यही आहे. पण मोगऱ्याच्या चार रोपांना डाळ-तांदूळ धुतलेले पाणी पुरते. बुंध्याशी पालापाचोळा पसरला, पाणी सूर्यास्तानंतर घातले, रोपाशेजारी कच्च्या भाजणीचे मडके पुरून ते भरून ठेवले, की पाणी जिरत जिरत मुळांनाच मिळते. ठिबक सिंचनाच्या उद्योगाने ज्या जळगावचे नाव देशोदेशी नेले, त्या जळगावला थेंबाचे मोल नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

धुळ्याजवळ तर याहून जुना धडा आहे. पांझरेच्या काठी काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडाफडांत फिरते. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी एकत्र बसून ठरवितात आणि पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो. ही व्यवस्था टिकली ती पाणी विपुल होते म्हणून नव्हे. ते अपुरे होते आणि पाळी सर्वांना मान्य होती म्हणून.

या धड्याची गरज आज सर्वांत अधिक कोठे असेल, तर ती शाळांच्या आवारांत. वनमहोत्सवाची प्रथा १९५० साली सुरू झाली. तेव्हापासून दर पावसाळ्यात रोपे लावली जातात, छायाचित्रे काढली जातात आणि भाषणे होतात. मग उन्हाळी सुटी लागते. शाळेला कुलूप पडते, आणि जुलैत लावलेले रोप एप्रिल-मेमध्ये नि:शब्दपणे मरून जाते. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते. अलीकडे तर हा प्रश्न आवारभर सिमेंटच्या फरशा बसवून कायमचाच निकालात काढण्याची सोय झाली आहे. वृक्षारोपण हा एका सकाळचा समारंभ असतो. वृक्षसंगोपन ही साठ दिवसांची पाळी असते. समारंभाला मंडळी मिळतात, पाळीला मिळत नाहीत, हे खरे दुखणे आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. सुटी लागण्यापूर्वी शाळेने आपल्या झाडांची यादी करावी. शाळेशेजारी राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे दोन रोपे द्यावीत, एक दिवसाआड एक बादली पाणी घालण्याची पाळी ठरवावी आणि एका शिक्षकाने पाटकरी व्हावे. त्यासोबत प्रत्येकाने एक वही ठेवावी: कोणत्या दिवशी पहिली कळी दिसली, कोणत्या वेळी फूल उमलले, त्यावर कोणते पाखरू आले. या वहीला गुण नसावेत. सुटीतला अभ्यास म्हणून ती लादली, की तिच्यातला आनंद त्याच दिवशी संपेल. पण अशा शंभर वह्यांतून एखादा कीर्तिकर आणि एखादा बालकवी निघणारच नाही, असे कोणी सांगावे? आणि न निघाला, तरी शंभर मुलांना नीट पाहण्याची सवय लागली, हा लाभ थोडा नव्हे.

हेच घरालाही लागू आहे. कचेरीत दिवसभर फायलींशी झुंजून परतणाऱ्या माणसाला बंगला नसेल, अंगणही नसेल. खिडकीच्या गजांशी ठेवलेली फुटक्या बादलीतली मोगऱ्याची वेल त्याला परवडते. संध्याकाळी तिला तांब्याभर पाणी घालताना तो काही क्षण कोणाचा साहेब नसतो आणि कोणाचा कारकूनही नसतो. समाजाच्या हिशेबात या क्षणांची जमा कोठे धरली जात नाही. तरीही उन्हाने आणि काळजीने करपलेली मने ज्या थोड्या गोष्टींवर तग धरतात, त्यांत या क्षणांची गणना केली पाहिजे. खानदेशला सावली मिळायला अजून पुष्कळ झाडे लागतील आणि त्यांना वर्षे लागतील. मोगरा मात्र पुढच्याच वैशाखात फुलू शकतो. त्यासाठी थंडीत छाटणी करण्याची आठवण तेवढी ठेवावी लागेल.